उजवीकडचा स्पीकर

सासऱ्यांच्या घरी गाणं ऐकायचं म्हणजे आधी पंखा बंद करायचा. एसीही बंद, कारण तो घरघरतो. खिडक्या बंद, कारण खाली पेरुंगुडीची वाहतूक. मग चेन्नईच्या भर दुपारी काही वयस्क गृहस्थ घामाने निथळत डोळे मिटून बसत आणि गाणं संपल्यावर आवाजात किती मोकळी हवा आहे यावर बोलत. खोलीत ती अजिबात नसे.

या मंडळींत शेवटचा शब्द सासऱ्यांचा, म्हणजे अप्पांचा. गिंडीच्या कारखान्यांत त्यांचं आयुष्य गेलं. चालत्या मोटारीचा आवाज ऐकून कोणतं बेअरिंग जाणार ते सांगत. तंजावरकडच्या जुन्या मराठीत त्यांनी निकाल दिला की सगळे माना डोलवत, ज्यांना ती मराठी कळत नसे तेही.

त्या उन्हाळ्यात निकाल असा लागला की गायिकेचा आवाज डावीकडे, बाल्कनीच्या बाजूला सरकतो आहे. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण नीट जमला तर गाणारं माणूस बरोबर मधोमध उभं आहे असं वाटायला हवं. तसं वाटेना. उजवा स्पीकर बोटभर पुढे घेतला, मग आत वळवला. फरशीवर चिकटपट्टीच्या खुणांचं जाळं झालं. दोन्ही स्पीकरांची अदलाबदल केली, वायरी बदलल्या. उजव्या भिंतीवर मी स्टुलावर चढून गालिचा टांगला. आवाज डावीकडेच. या छंदात माणसाच्या कानाखेरीज सगळ्यावर संशय घेता येतो. शेवटी बिल्डरची भिंतच दोषी ठरली. ती लाकडाने मढवायला सोमवारी सुतार यायचा होता.

मला आवाज मधोमधच ऐकू येत होता. पण त्या सभेत जावयाच्या कानांना मत नव्हतं. शिवाय अप्पा हल्ली फोन डाव्याच कानाला लावतात, हे बायकोने मला सांगितलं होतं. तिने एकदा डॉक्टरचं नाव काढलं, तर ते जेवताना तिच्याशी बोलेनासे झाले. कानावर ज्यांचा एवढा मान उभा, त्यांना तो कान गेला असं कोण सांगणार? आम्ही दोघंही गप्प होतो.

रविवारी मंडळी गेली, पण अप्पांनी पंखा लावू दिला नाही. मधल्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माप्ळे, ही खुर्ची फिरवा."

माप्ळे म्हणजे जावई. तमिळमधून हाक आली की काम गंभीर असायचं.

"स्पीकरांकडे पाठ करून बसतों," ते म्हणाले. "भिंतीचा दोष असला, तर मी कसाही बसलों तरी आवाज बाल्कनीकडेच राहील."

दोष भिंतीचा नसला तर काय, ते बोलले नाहीत.

"अप्पा, उद्या सुतार येतोच आहे. त्याचं काम झाल्यावर बघू."

"फिरवा."

मी खुर्ची फिरवली. आता त्यांचं तोंड स्वयंपाकघराकडे होतं. तिथे बायको टंबलर पुसत होती. तिचा हात थांबला. मी त्याच गायिकेची तबकडी लावली.

बाल्कनी आता त्यांच्या उजव्या हाताला होती. मी त्या हाताकडे बघत राहिलो. तो खुर्चीच्या दांडीवर नुसता पडून होता. चष्म्याखालून घाम ओघळला, त्यांनी पुसला नाही. आलापी संपली, गाणं सुरू झालं. तो हात एकदाच हलला आणि मला वाटलं, सुटलो. त्यांनी फक्त बोटं मिटली होती.

मग डावा हात वर आला. गालिचा टांगलेल्या भिंतीकडे त्यांनी बोट केलं आणि तसंच धरून ठेवलं.

"तुम्हांला कोठें ऐकूं येतें?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"मधोमध."

"पहिल्यापासून?"

"हो."

"तरीच गालिचा टांगतांना तुम्ही हंसत होतां."

त्यांनी हात खाली घेतला, चष्मा काढला आणि स्वयंपाकघराकडे बघत मुलीला म्हणाले, "तुझ्या त्या डॉक्टरला फोन लाव." ती लगेच हलली नाही. "लाव ग. आणि सुताराला येऊं नको म्हणून सांग."

मी तबकडी थांबवायला उठलो.

"राहूं दे," अप्पा म्हणाले. "पंखा तेवढा लावा."