गोऱ्या मिस्त्रींचा हातोडा

गोऱ्या मिस्त्रींना मराठीतले दोनच शब्द येत: 'हाण' आणि 'न्हाय'. पहिला कामगारांसाठी, दुसरा चेअरमनसाठी. तेवढ्यानं भागलं नाही तर हातात असेल ते फेकून मारत. माझ्या कपाळावरचा व्रण त्यांच्या पान्याचा आहे.

ते इंग्लंडचे. वाफेची इंजिनं बांधण्यात जन्म गेलेला. आमच्या साखर कारखान्याच्या आवारात उसाचे डबे ओढणारं जुनं इंजिन गंजत पडलं होतं. ते समारंभात चालवून दाखवायचं म्हणून चेअरमननी त्यांना आणलं. आमच्या भावकीतला पहिला पदवीधर मी, नुकताच इंजिनिअर होऊन तिथंच नोकरीला लागलेलो. म्हणून दुभाष्याही मीच.

पाना बसला, कारण एक नट न बघताच मी 'ओके' म्हणालो होतो. रक्त पुसायला स्वतःचा रुमाल देत ते इंग्रजीत म्हणाले, "न बघता हो म्हणणारा इंजिनिअर माणसं मारतो." मग शर्ट वर केला. मानेपासून कमरेपर्यंत पाठ भाजलेली. तिकडं एका इंजिनाचा बॉयलर फुटला तेव्हा शेजारी भट्टीत कोळसा घालणारा फायरमन जागीच उकडून मेला होता. "तपासणीच्या कागदावर सही माझी होती," एवढंच बोलले.

बॉयलर ते हातोडीनं ठोकून ऐकत. चांगला पत्रा खणखणतो. आमच्या बॉयलरच्या पोटाचा आवाज बद्द आला. चार महिने राबून उभं केलेलं इंजिन, तरी म्हणाले, "न्हाय."

चेअरमन भडकले. "पत्रिका वाटल्यात! शाळंची पोरं बसणार हायत गाडीत. त्या गोऱ्याला सांग, पेटीव, न्हायतर आमचा ड्रायव्हर पेटीवतोय!"

त्यांच्या दोघा माणसांनी म्हाताऱ्याला कॉलर धरून शेडबाहेर फेकलं, ओठ फोडला. मध्ये पडलो म्हणून मीही लाथा खाल्ल्या.

समारंभाच्या सकाळी ड्रायव्हर भट्टीत लाकडं रचत होता. सुजलेल्या तोंडानं मिस्त्री आले, घण उचलला आणि बॉयलरच्या पोटावर घातला. एक, दोन, तीन. हात गळाले. माणसं धावत येत होती. त्यांनी घण माझ्या हातात दिला.

"हाण!"

माझी नोकरी डोळ्यांपुढं आली. हाणला. पत्रा फाटला आणि गंजाचं लाल पाणी धो धो स्वागताच्या गालिच्यावर गेलं. भोकाची कड पापडाएवढी पातळ होती. धावत आलेल्या चेअरमननी ती बोटानं चाचपली. मारायला धावलेले जागीच थांबले. मिस्त्री चाकाला टेकून बसले, इंजिनावरून हात फिरवत रडले.

ते इंग्लंडला परत गेले. माझी नोकरीही गेली. आता मी बॉयलरच तपासतो. कुणीतरी विचारतंच, "सायेब, कागद सगळं बरोबर हायत की! ठोकताय कशाला?"

मी कपाळावरचे केस मागं सारतो आणि हातोडी उचलतो.