वनमालाबाईंनी ढाब्याला शिकवलेलं काम

उसाच्या फडात तोडणी करताना वनमाला पहिल्यांदा कोसळली, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. हातपाय झटके देत होते. "मिरगी आली!" म्हणत कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी दातांत चमचा कोंबला. शुद्धीवर आली तर पुढचा दात तुटलेला. पुढच्या हंगामाला मुकादमानं तिला टोळीत घेतलंच नाही.

बीडच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, हा मेंदूचा आजार आहे, बाहेरचं काही नाही. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. गोळ्यांनी फिट वर्षाला एकदोनवर आल्या. पण काम कुणी देईना.

शेवटी ती मांजरसुंब्याला बबनरावांच्या ढाब्यावर गेली आणि आजाराचं आधीच सांगून टाकलं.

"मग नको बाई. चुलीत पडलीस तर?"

"चुलीजवळ बसवूच नका. पीठ मळते, भाजी निवडते. अन् पडले तर काय करायचं, ते आत्ताच दावते."

ती तिथंच फरशीवर आडवी झाली. "डोक्याखाली मऊ ठिवा. आसं कुशीवर करा. हातपाय दाबू नका, तोंडात काय बी घालू नका. घड्याळ बघा. पाच मिनटाच्या वर गेलं तर एकशेआठला फोन."

आचारी हसले. तिनं प्रत्येकाकडून ते करून घेतलं.

"महिनाभर बघू," बबनराव म्हणाले.

तिसऱ्याच आठवड्यात सिदू नावाचा ट्रकड्रायव्हर जेवता जेवता बाकड्यावरून खाली पडला, तडफडू लागला. एकजण कांदा घेऊन धावला.

"सरका मागं!" वनमालानं बाकडं ढकललं, डोक्याखाली टॉवेल सारला, त्याला कुशीवर केलं. तोंडातला घास बाहेर आला. "मालक, टाइम सांगा!"

"तीन मिनटं झाली... चार... पाच होऊन गेली, थांबंना की!"

"मग लावा फोन!"

अँब्युलन्स येईपर्यंत ती त्याच्याजवळून हलली नाही.

पंधरा दिवसांनी सिदू भावाच्या मोटारसायकलवर मागं बसून आला. खाली मान घालून म्हणाला, "जीव वाचला ताई, पर गाडी सुटली. डॉक्टर चालवू नको म्हणतेत. ह्या गोळ्या खाऊन काय करू?"

"माजा बी फड सुटला. गोळी न्हाई सोडली मी." तिनं पिठाचे हात धुतले. "का म्हनून सोडायची? मंगळवारी माजी तपासणी हाय. तुमी बी चला."

बबनरावांनी तिनं न मागताच सुट्टी दिली. मंगळवारी सकाळी दोघं बीडच्या एसटीत बसली.