अडलं तर पुढचा प्रश्न

आमच्या क्लासच्या कपाटात जुन्या वायरींचा एक गुंता आहे. एक वायर ओढली की मागून चार निघतात. क्लासमधल्या किश्श्यांचंही तसंच झालंय. कोणी नुसतं "काकी, यंदाची बॅच कशी होती?" असं विचारलं की पुरे. चहा निवतो, गोष्टी संपत नाहीत.

क्लास गोव्यात, डिचोलीच्या बाजारात, वरच्या मजल्यावर. तिथे नेटवर्किंग शिकवतात, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं काम. मी कुलूप उघडते, हजेरी घेते, चहा करते आणि सराव परीक्षेला घंटा वाजवते. मी शिकले दहावीपर्यंत. राऊटर म्हणजे दिवे लुकलुकणारी पेटी, एवढंच मला कळतं.

शेवटची परीक्षा प्रॅक्टिकल असते. समोर यंत्रं, हातात वायरी आणि ठरलेल्या वेळात सगळे प्रश्न प्रत्यक्ष जोडून, चालवून दाखवायचे. मुलांना येत नाही असं नसतं, वेळ पुरत नाही. म्हणून आमच्या प्रसाद सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवलंय, "अडलं तर पुढचा प्रश्न."

हे वाक्य खरं तर सुलक्षासाठी होतं. सुलक्षा लाटंबार्सेची. काम नेटकं, डोकं तल्लख, पण एकदा नापास झालेली. दुसऱ्या प्रश्नापाशी अडली ती तिथेच बसून राहिली आणि वेळ संपली. आता शेवटची संधी होती. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने तिला सांगितलं होतं, सर्टिफिकेट घेऊन ये आणि कामावर लाग. नाही मिळालं तर पुण्याची मावशी तिला घेऊन जायला टपलेली. मावशीने तिथे एक मुलगाही पाहून ठेवला होता.

"कसा आहे गं मुलगा?" मी विचारलं.

"एकदा फोनवर बोललाय काकी. आपल्या गाडीबद्दल. मी फोन ठेवला, तो अजून बोलत असेल."

*

पहिल्या सराव परीक्षेला मी घंटा वाजवली. सगळे कामाला लागले, पण हरमलचा नीलेश उभाच. हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्याने गाऱ्हाणं सुरू.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो लेकरू परीक्षेक बसता, तेका यश दी रे म्हाराजा!"

आमच्याकडे गाऱ्हाण्याला ओ दिल्याशिवाय राहवत नाही. वायरी हातात धरून सगळी बॅच म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

नीलेशला जोर चढला. पर्यटकांना द्यायच्या बापाच्या खोल्या, काकाची होडी, भावाची मोटारसायकल, सगळं देवाच्या कानावर घालत तो राऊटरपर्यंत पोचायला लागला. दर वेळी बॅच ओ देतेय, घड्याळ पळतंय. सर तरातरा पुढे आले. पण सरही त्याच बाजूचे, पेडण्याचे. नीलेश म्हणाला, "सगळ्यांची राखण कर रे म्हाराजा," आणि सरांच्याच तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा."

मग सावरून म्हणाले, "देवाक सांगून झाला? आता राऊटराक सांग."

*

हाच नीलेश वायरी जोडण्यात सगळ्यात वेगवान. पण पेपर अर्धाच व्हायचा. वायफाय चालू झालं तरी हा यंत्राकडे बघत मान हलवत बसायचा.

"अरे, झालंय ना? मग पुढे का जात नाहीस?" सरांनी विचारलं.

"सवय, सर. आमच्या खोल्यांतल्या पाहुण्यांचा वायफाय बंद पडला आणि मी लगेच चालू करून दिला, तर त्यांका वाटता ह्यात काय मोठा! जरा वेळ मान हलवली तर थँक्यू म्हणतत."

"परीक्षक थँक्यू म्हणणार नाही."

नीलेशला ह्याचं मनापासून वाईट वाटलं.

*

यंदा खऱ्या परीक्षेची वेळ दुपारची आहे असं कळलं, म्हणून सरांनी सरावही दुपारी ठेवला. दुपारी डिचोलीचा बाजार झोपतो. दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावलीला. त्यात सगळे घरून शीत-कडी, म्हणजे भात आणि माशांचं कालवण, जेवून आलेले.

मी घंटा वाजवून स्वयंपाकाच्या खोलीत गेले. बाहेर एवढी शांतता, की मला वाटलं आज पोरांनी मन लावलंय. वेळ संपल्याची घंटा वाजवली तेव्हा दचकून उठले ते सर.

पेपर कोणाचाच पुरा नव्हता. सर चिडले. "झोपा काढल्या की काय सगळ्यांनी?"

सुलक्षा खाली बघून म्हणाली, "नाही सर. तुमची झोप मोडूक नको म्हणून आम्ही कीबोर्ड हळू दाबीत होतो."

*

बसवराज बेळगावकडचा, कारखान्यात पाळीवर काम करून क्लासला यायचा. एका सरावाला त्याचे सगळे प्रश्न झाले. शेवटी केलेलं काम सेव्ह करायचं असतं, नाही तर सगळं पुसलं जातं. त्याचं बोट बटणावर टेकणार, एवढ्यात माझी घंटा वाजली. बसवराजने दोन्ही हात वर केले आणि मागे सरकला.

"अरे दाब!" सर ओरडले. "सराव आहे हा!"

"नाही जमत की ओ सर. भोंगा झाला म्हणजे मशीन पुढच्या पाळीवाल्याचं. हात लावला तर भांडण होतंय बगा."

सगळं पुसलं गेलं. त्या दिवसापासून तो प्रत्येक प्रश्नानंतर सेव्ह करतो. आणि माझ्याकडे जरा संशयाने बघतो.

*

सुलक्षाला मात्र काही लागू पडेना. सराव कुठलाही असो, अडली की तिथेच मुक्काम. शेवटी सरांनी तिच्या गावच्या भाषेत सांगायचं ठरवलं.

"काजूच्या बागेत जातेस ना? एका झाडाखाली बोंडं सापडेनात, पाचोळा फार, तर काय करतेस? पुढच्या झाडाकडे जातेस की नाही?"

"नाही सर."

"का?"

"आपण पुढे गेलो की मागचं झाड शेजारी वेचतो."

सर म्हणाले, "परीक्षेत शेजारी नसतो."

"शेजारी सगळीकडे असतो सर," सुलक्षा म्हणाली. बॅचने माना डोलावल्या. सरांनी फळा पुसला, कोपऱ्यातलं वाक्य तेवढं ठेवलं.

*

परीक्षा म्हापशाला. सुलक्षाच्या सोबतीला मी गेले. बसमध्ये मी म्हटलं, "पोटभर जेवलीस ना?" तर म्हणाली, "काकी, मावशीने तिकीट बघून ठेवलंय." मी तिचा हात धरला.

मी बाहेर बाकावर बसले. वेळ संपल्यावर ती आली ती घामाघूम.

"काय झालं?"

"परत दुसऱ्यालाच अडले. दोन कॉम्प्युटर जोडलेले, एकाने हाक मारली तर दुसरा ओ देईना. हलवतच नव्हतं मला तिथून. मग तो पुण्याचा मुलगा आठवला. त्याची गाडी आठवली. उठले आणि तिसऱ्यावर गेले. बाकी सगळे झाले, काकी."

संध्याकाळी निकाल कळला. सुलक्षा पास! सरांनी सगळ्यांना भजी आणली, बसवराजने मला स्वतःच्या हाताने चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी सुलक्षा सर्टिफिकेट आणायला एकटीच म्हापशाला गेली. थोड्या वेळाने क्लासचा फोन वाजला. परीक्षा केंद्रातले गृहस्थ होते.

"तुमची ती मुलगी इथे आली आहे. सर्टिफिकेट दिलं, सही घेतली, पण ती जात नाही. म्हणते, माझा दुसरा प्रश्न अर्धा राहिलाय, तेवढा पुरा करून जाते."

मी फोन सरांकडे दिला. सरांनी ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि विचारलं, "किती वेळ लागेल म्हणते?"

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग गृहस्थ म्हणाले, "ती म्हणते, आज घाई नाही."