पान सोळावरचा बांगडा

आचऱ्याच्या आनंदीबाईंनी तेहेतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला निघतात, बाई एम.ए.ला बसल्या. प्रबंधाचा विषय संचशास्त्राचा पाया.

बुधवारी, १५ जानेवारीला, सकाळीच मार्गदर्शक सरांचा फोन आला.

"बाई, पान सोळावरचा तुमचा नियम : ज्या दोघांत नेमके तेच घटक, ते दोघे एकच. संचांपुरतं ठीक. पण तुम्ही साध्या वस्तूही घेतल्यात. वस्तूत घटक नसतातच. म्हणजे सगळ्या वस्तू एकच झाल्या, आणि रिकामा संचही तोच! सोमवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर वर्ष गेलं."

बाई तशाच तिठ्यावरच्या बाजारात मासळीला गेल्या.

"बाईनू, तोंड असा कित्या?" मासे विकणाऱ्या सुगंधाने विचारलं. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, गणितात नापास.

बाईंनी अडचण मासळीवर बसवून सांगितली. "बांगड्यात घटक नाही, सुरमईत घटक नाही. माझ्या नियमाने दोन्ही एकच ठरतात गो."

"मगे तुमका सुरमय कित्याक होयी? बांगडो न्हेवा!"

शेजारच्या विक्रेत्या खो खो हसल्या.

"आणि माझी रिकामी पाटी?" सुगंधाने विचारलं.

"तीही बांगडाच."

"काय तरीच!" सुगंधाने पुढ्यातल्या वाट्याकडे बोट केलं. वाटा म्हणजे विकायला लावलेला माशांचा ढीग. घ्यायचा तर अख्खा घ्यायचा. एकच मोठा मासा मांडला तरी ती त्याला वाटाच म्हणे. "आत काय काय आसा, ता वाट्याक इचारूचा. माशाक कोण इचारता?"

बाई पिशवी उघडी धरून तशाच उभ्या राहिल्या. मग मासळी न घेताच घरी परतल्या.

तीन दिवस त्यांनी पानं नव्याने लिहिली. वस्तूंना, म्हणजे माशांना, लहान अक्षरं; संचांना, म्हणजे वाट्यांना, मोठी. 'याचा घटक' या चिन्हाच्या उजवीकडे फक्त मोठं अक्षर. लहान अक्षरात काय आहे, हा प्रश्नच आता लिहिता येईना. आणि घटकांवरून 'दोघे एकच' ठरवायचा नियम फक्त मोठ्यांना लागू.

रविवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी सरांचा निरोप आला : 'आता बरोबर. बांधून पाठवा.'

बाईंनी आधी सुगंधाला फोन लावला. "झालं गो! बांगडा आणि सुरमई आता एकच ठरत नाहीत!"

"ता माका ठावक होता, बाईनू," सुगंधा म्हणाली. "आता माका पास करा."