दार बंद झाल्यावरचं पाणी

डायलिसिसच्या खोलीचं दार बंद झालं की बाहेर बसलेली सगळी माणसं उठून पाणी प्यायची. हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले, कारण त्यांत मीही असायची.

मला जात्याच चौकशा फार. "भोचकपणाची पदवी असती तर तुला पहिली मिळाली असती," असं हे लग्नापासून म्हणत आलेत. यांच्या किडन्या थकल्या आणि एक दिवसाआड दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. आत यांचं रक्त मशीनमधून फिरत असायचं आणि बाहेर बाकावर मी माणसं न्याहाळत बसायची. कोण कुणाची सून, कोण कुणाचा भाऊ, आणि डब्यात शेंगाचटणी आहे की नुसती उकडलेली भाजी. पेशंटबरोबर आलेल्याला तिथं नाव नसतं, अमक्याचे नातेवाईक एवढीच हाक. कुणी "तब्येत कशी आहे?" विचारलं, की आपण आपसूक आतल्या माणसाची सांगायची.

तर ते पाणी. टेंभुर्णीकडचा एक शेतकरी आईला घेऊन यायचा. दार लागलं रे लागलं की तो कूलरपाशी उभा. एक दिवस मला राहवेना. विचारलं, "एवढी तहान लागते, तर वाटेत का पीत नाहीस?"

तो ओशाळला. "आईम्होरं कसं पिऊ, मावशी? डॉक्टरनं तिला दिवसाला मोजून वाटी-वाटीनंच पाणी सांगितलंय. मी बाटली तोंडाला लावली की ती नुसती बघत बसती."

शेजारी मोहोळची एक बाई होती, नवऱ्याला घेऊन यायची. ती खुदकन हसली. "आमच्यात तर सगळं घर मोरीत जाऊन पाणी पितं, ताई. पोरं बी. क्या करना?"

मलाही हसू फुटलं. घरोघरी मातीच्या चुली! माझा माठ मी स्वयंपाकघरातून उचलून मागच्या बोळात गोणपाटाखाली ठेवला होता. आम्हा सोलापूरकरांना पाणी पुरवून वापरायची सवय आहे, नळ चार-चार दिवसांनी येतो. पण माठ भरलेला असताना तहानेलं राहायचं, हे आमच्यातही नवं होतं. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. तीन गावांतल्या तीन घरांनी आपापलं शोधून काढलं, याचं मला भारी नवल वाटलं. मग मी बाकावरच्या एकेकाला विचारत सुटले. पेशंटला आंबा बंद म्हणून कुणी तो जिन्यात उभं राहून खायचं, कुणी चहाच सोडला होता.

उन्हाळा तापला तशी मला लघवीला जळजळ सुरू झाली. भाकरी थापताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. मुलगा पुण्याला, मी आडवी झाले तर यांना नेणार कोण, या धास्तीनं मी कुणाला बोलले नाही. शेवटी हे आत असताना त्याच इमारतीतल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी किती पिता?" मी बोटांवर घोट मोजायला लागले. गोळ्या देऊन ते म्हणाले, "भरपूर पाणी प्या, नाहीतर तुम्हालाच दाखल करावं लागेल."

मग बोळातल्या फेऱ्या वाढवल्या. एका दुपारी हे झोपलेत असं बघून मी मागं गेले, तांब्या उंच धरून पाणी प्यायले आणि वळले, तर हे मागच्या दाराच्या चौकटीला धरून उभे. मी तांब्या पदराआड घेतला.

"पाणी पितीस?" हे म्हणाले.

"चुकलं माझं," मी म्हणाले. हे उंबऱ्यावरच बसले. डोळे भरून आले होते. मला वाटलं, तहानेनं.

"अगं, चुकलं काय? तुला पाणी पिताना बघितलंच नाही कित्येक दिवस. तोंड सुकलंय, चक्कर येती, मला दिसतंय की. माझं बी असंच सुरू झालं होतं. मला वाटलं, तुझ्या बी किडन्या चालल्या आणि तू लपवतीस. विचारायची छाती होईना."

मी बाकावरच्या सगळ्यांना विचारलं होतं. घरातल्या माणसाला तेवढं विचारायचं राहिलं होतं. ते आता विचारलं, "मी समोर पाणी प्यायले तर त्रास होत नाही?"

"होतो की. लई होतो," हे म्हणाले. "पण तू प्यायली नाहीस की भ्या वाटतं."

त्याच संध्याकाळी माठ आत आणला. गोणपाट बोळातच राहिलं.

आता दवाखान्यात दार बंद व्हायच्या आधी मी यांच्या खाटेजवळ उभी राहून बाटली तोंडाला लावते. हे माझ्या गळ्याकडे बघत असतात, आणि त्यांची तहान मला दिसते. नर्स सुई घेऊन तयार असते, पण हे हात पुढे करत नाहीत. बाटली रिकामी झाली की मगच करतात.