मांडीखाली दाबलेले हात

माझ्या थोरल्या बहिणीला घरात सगळे भिंगरी म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणतात असा तिचा समज आहे. एका जागी बसेल तर शपथ. माझ्याकडे आली की घडी घातलेल्या कपड्यांची पुन्हा घडी घालते, पडदे सारखे करते, मी चिरत असलेली भाजी ओढून घेते. उभं आयुष्य बालवाडी शिकवण्यात गेलं तिचं. नाक पुसायचं, बटण लावायचं, बूट चढवायचे. सगळं इतक्या झपाट्याने, की आपल्यालाही हात आहेत हे पोरांना कळायचं काही कारणच नव्हतं.

यंदा नव्या मुख्याध्यापिकेने फर्मान काढलं. जुन्या-नव्या सगळ्या शिक्षिकांनी प्रशिक्षण घ्यायचं, मग ते प्रशिक्षण शिकवणारी वर्गात येऊन बघणार, आणि जिला जमणार नाही तिची रवानगी सामानाच्या खोलीत. ताई भडकली. "मी पोरं सांभाळत होते तेव्हा ही शिकवणारी दुपट्यात होती!" खरं तर ती घाबरली होती. भावोजी गेले, मूलबाळ नाही. वर्ग गेला तर ही सकाळी उठून करणार काय, याचा मलाच घोर लागला.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. प्रत्येकीने आपल्या वर्गातली चित्रं न्यायची होती. ताईची चित्रं बघून शिकवणारी म्हणाली, "सगळ्या फुलांचे देठ एकाच बाजूला कसे हो झुकलेत?" कसे म्हणजे काय! पालकांना दाखवण्याआधी ताई प्रत्येक चित्र 'जरासं नीट' करते. सगळ्याच करतात म्हणे. शिकवणारी रागावली नाही. तिने एवढंच सांगितलं, की एका मुलाजवळ बसायचं, त्याची धडपड शेवटपर्यंत बघायची, हात लावायचा नाही.

"मग त्यात काय अवघड आहे?" मी म्हणाले.

"तू करून बघ!" ती माझ्यावरच खेकसली. "हात आपोआप जातो गं. कळतं तेव्हा बूट घालून झालेला असतो." बोलता बोलता तिने माझा मिठाचा डबा पुसून दुसऱ्या फळीवर ठेवला. मला तो पुढे किती दिवस सापडला नाही.

तिच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला ही राणीसरकार म्हणते. सुटायच्या वेळी ती खुर्चीवर बसून पाय पुढे करते, की बूट घाला. शिकवणारी बघायला आली त्या दिवशीही तिने पाय पुढे केले. ताई शेजारी जमिनीवर बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. राणीसरकारांनी वाट बघितली. भोकाड पसरलं. दारातून बाप ओरडला, "अहो बाई, घाला की बूट, उशीर होतोय!" ताईला घाम फुटला, पण हात काही काढले नाहीत. शेवटी पोरीने नाक ओढलं, वाकली, बूट उचलला, पट्टा ओढला. मग दुसरा. दोन्ही उलटसुलट पायांत. बदकासारखी चालत बापाकडे गेली आणि म्हणाली, "मी घातले."

वर्ग ताईकडेच राहिला. प्रशिक्षणाला मात्र पुढच्या वर्षीही यायचं, असं शिकवणारीने बजावलं.

"जाणार आहेस?" मी विचारलं.

"न जाऊन सांगते कुणाला! अजून काय काय उलटं करत आलेय ते कळायला नको?"

हे ती मला सांगत होती तेव्हा माझ्या हातात सुई होती. आम्ही दोघी साठीच्या घरात, पण सुई ओवायची वेळ आली की मी ती तिच्यापुढे धरते. लहानपणापासूनची सवय. तशीच धरली. ताईचा हात निम्म्यापर्यंत आला, थांबला, आणि मांडीखाली गेला.

मला रागच आला. "ताई, मी काय तुझ्या बालवाडीत आहे?"

तिने दुसराही हात मांडीखाली सारला. मी दोरा ओला केला. चुकला. पुन्हा चुकला. तिचे खांदे हलत होते, ओठ दोऱ्याबरोबर पुढे जात होते. माझ्याकडे इतका वेळ कुणी बघत बसल्याचं मला आठवत नाही. वैतागून फेकून देणार, तेवढ्यात दोरा आरपार गेला.

"तुला येतं की गं," ताई म्हणाली. "कधीपासून?"

"मला तरी कुठे माहीत होतं?" मी म्हणाले.