मुंग्या मारायच्या की ठेवायच्या?

हार्ड डिस्क भरली की जुनं फूटेज उडवता येतं. किस्से मात्र उडत नाहीत, साचतच जातात. कसबा बावड्यात मी आणि संभा लग्नाचे व्हिडिओ करतो. शूटिंग त्याचं, एडिटिंग माझं. आमचं रोजचं भांडण एकच. अंधारातलं दिसावं म्हणून चित्र उजळलं की त्यात बारीक दाणे वळवळायला लागतात. आम्ही त्यांना मुंग्या म्हणतो. त्या मारायला जावं, तर सोबत आणखी काय मरेल याचा नेम नाही!

* * *

मध्यंतरी संभाने रॉ फूटेजचं खूळ आणलं. त्यात उजेडातलं आणि अंधारातलं दोन्ही जास्त टिकतं, पण रंग चढवेपर्यंत चित्र अगदी फिकट असतं. नवरीच्या मामांना धीर नव्हता, ते तसंच बघायला आले. बघितलं आणि भडकले, "मांडव लालभडक केलता की आमी! त्येच्यावर राख कवा उधळलीसा?"

* * *

एकदा गुऱ्हाळाचं काम आलं. आत अंधार, दाराबाहेर कडक ऊन. संभाच्या कॅमेऱ्यात एक सोय आहे. एक फ्रेम उजळ घ्यायची, पुढची गडद, आणि मग दोन्ही जोडायच्या. दार दिसलं, आतली भिंतही दिसली. झकास! फक्त काहिलीतला, म्हणजे त्या भल्यामोठ्या कढईतला, रस ढवळणारा गडी दोन फ्रेमांच्या मध्ये हलला होता, त्यामुळे त्याला चार हात फुटले.

मालक स्क्रीनला नाक लावून म्हणाले, "ह्यो गडी कुठला ओ? मला बी पायजे!"

* * *

एका लग्नात हॉलचे दिवे मंद होते. मी मुंग्यांवर सॉफ्टवेअर सोडलं. चित्र लख्ख! व्हिडिओ दिला आणि थोड्याच वेळात वरमाईचा फोन.

"मंगलाष्टका हायत, समद्यांचं हात वर गेल्यात, आनि अक्षता कुठं हायत? पावणं काय हवा टाकून गेलं व्हय?"

मी चाटच पडलो. एकेक फ्रेम काढून बघत बसलो. सॉफ्टवेअर शेजारच्या फ्रेमा ताडून बघतं. ठिपका या फ्रेममध्ये आहे आणि पुढच्यात त्या जागी नाही, म्हणजे ती मुंगी! उडत्या अक्षता त्याने वेचून खाल्ल्या होत्या. मला तर गंमतच वाटली. कचरा कुठला आणि आशीर्वाद कुठला, हे त्याला सांगणार कोण?

संभा म्हणाला, "त्येला येकदा लग्नाला न्हेऊया की!"

* * *

एक पैलवान आपल्या लग्नाचा व्हिडिओ बघायला आले होते. कुस्ती खेळून दोन्ही कान मोडून सुजलेले. व्हिडिओतल्या मुंग्या मारता मारता माझ्याकडून कानावरच्या वळ्याही गुळगुळीत झाल्या होत्या.

"ह्ये कान मिळवाय हाडं झिजवल्यात," पैलवान गरजले. "परत मोडून द्या!"

* * *

मुरगूडची एक मुलगी आईला घेऊन आली. तिचं लग्न आम्हीच शूट केलं होतं. त्यानंतर काही महिन्यांत वडील वारले. कॅमेरा दिसला की ते पळायचे, त्यामुळे हलते-बोलते असे कुठेच नव्हते. मी सगळं फूटेज चाळलं. मांडवामागच्या अंधारात, फ्रेमच्या कोपऱ्यात, ते एकटेच उभे सापडले.

मुलगी म्हणाली, "एवढंच हाय दादा. कसं बी करून दिसू देत."

उजळलं तर मुंग्याच मुंग्या. त्या मारल्या, तर चेहरा मेणाचा झाला आणि हलणाऱ्या हातांचा नुसता धूसर गोळा उरला. आईंनी बराच वेळ बघितलं. "ह्ये त्ये न्हवंत," एवढंच म्हणाल्या. मुलीला रडू आवरेना. मलाही फार वाईट वाटलं.

शेवटी मुंग्या परत आणल्या. चित्र खरखरीत झालं, पण वडील दिसले. तळहातावर फिरणारा त्यांचा अंगठासुद्धा दिसला.

आई खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी कमरेला पदर खोचला.

"व्हय ओ! पोरीच्या लग्नात तंबाखूला हात लावनार न्हाय म्हणून जोतिबाची शपत घेतलीती न्हवं तुमी?"

क्लिप संपली.

"परत लाव रं," त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "अजून बोलून झालं न्हाय माझं."